कण्हेरीनं कुणाचं घोडं मारलंय?

कोल्हापुरातल्या एका जुन्या वसाहतीत राहणाऱ्या, साठीच्या घरातल्या ताईंचं पत्र आहे. अंगण मोठं. कुंपणाला सासूबाईंनी लावलेल्या दोन गुलाबी कण्हेरी, फाटकाजवळ बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, मागच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई आणि धोत्रा. दरवर्षी दिवाळीनंतर छाटणी होते. सगळा पाला परसातल्या खड्ड्यात जायचा आणि त्याच खतावर यजमान मेथी, टोमॅटो, दोडका पिकवायचे. मग सूनबाईंच्या मोबाइलवर एक मजकूर आला: कण्हेरीचा पाला खतात गेला की विष भाजीत उतरतं. घरात तीन वर्षांचा नातू. सुनेनं त्याला परसातली भाजी द्यायचं बंद केलं. यजमान म्हणतात, ‘चाळीस वर्षं खातोय, मेलो का?’ ताईंनी मधला मार्ग काढला. यंदाचा पाला त्यांनी खड्ड्यात न टाकता ‘गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे, तिथं नेऊन टाकला’. आता त्या विचारतात, पाला खतात घालावा की नाही? की झाडंच तोडून टाकावीत? सासूबाईंची आठवण आहे, पण नातवापुढं ती काय.

ताई, नमस्कार.

तुमचं दोन पानी पत्र मी तीनदा वाचलं. त्यात खत आहे, भाजी आहे, सूनबाई आहेत, आणि मध्येच ते मोकळ्या प्लॉटचं अर्धं वाक्य आहे. तुम्ही ते सहज लिहून गेलात. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात भीती वाटावी अशी ती एकच गोष्ट आहे.

म्हणून बाकीचं नंतर वाचा. आधी त्या प्लॉटवर जा आणि टाकलेला पाला गोळा करून परत आणा. वाळला असला तरी आणा, कारण कण्हेरीचं विष पान वाळल्यानं जात नाही. झाडावरचं हिरवं पान कडू असतं, शहाणं जनावर त्याला तोंड लावत नाही. छाटून टाकलेलं, सुकून मऊ पडलेलं, गवतात मिसळलेलं पान मात्र घासाबरोबर पोटात जातं. म्हशीसारख्या मोठ्या जनावरालाही मूठभर पानं पुरतात. आपलं गाव कसलं आहे ते तुम्हाला मी काय सांगणार. गंगावेशीत सकाळ-संध्याकाळ लोक कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन उभे असतात. त्या म्हशी कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवरूनच चरून आलेल्या असतात.

आता घोड्याकडं वळू. ‘कण्हेरीनं कुणाचं घोडं मारलंय’ असं म्हणायची सोय नाही, कारण तिनं ते खरंच मारलंय. संस्कृतात तिला अश्वमारक म्हणतात, हयमार म्हणतात. तिचं तिसरं नाव करवीर. आपल्या गावाचं जुनं नावही तेच आणि तालुक्याचं आजही तेच. या दोन नावांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही हे मी पुराण सांगणाऱ्यांवर सोडते. पण करवीरात राहून करवीराला घाबरायचं म्हणजे जरा गंमतच.

झाड विषारी आहे यात वाद नाही. पान, फूल, साल, मूळ, सगळंच. त्यातलं मुख्य द्रव्य ओलिएंड्रिन, ते हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडवतं. सूनबाईंची काळजी हवेतून आलेली नाही. २०२४ च्या मे महिन्यात केरळात एका तरुणीच्या मृत्यूनंतर कण्हेरीवर संशय आला आणि तिथल्या देवळांचा कारभार पाहणाऱ्या देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात ही फुलं वापरणं थांबवलं. बातमी सगळीकडं फिरली. अशा बातमीला पुढं शेपट्या फुटतात, त्यातलीच एक ‘भाजीत विष उतरतं’ ही असावी.

ही शेपटी फुटते कशी, ते बघू. आपण विष म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं शिसं किंवा पारा असतो. एकदा मातीत गेलं की पिढ्यान्पिढ्या तिथंच. वनस्पतीचं विष तसं नसतं. झाडानं ते ऊन, पाणी आणि हवेतून स्वतःच बनवलेलं असतं, आणि जे झाडानं जोडलं ते जिवाणू-बुरशी तोडू शकतात. ओलिएंड्रिनच्या रेणूला साखरेचा एक तुकडा चिकटलेला असतो. कुजताना तो तुटतो आणि मग उरलेला सांगाडाही हळूहळू मोडतो. कॅलिफोर्नियात हमरस्त्यांच्या दुभाजकांवर मैलोन् मैल कण्हेर आहे, आपल्या पुणे-बंगळुरू महामार्गावर दिसते तशीच. तिथं छाटणीचा प्रश्न मोठा, म्हणून अभ्यासकांनी पाला कुजवून मोजून पाहिला. ढीग कुजत गेला तसं विष घटत गेलं आणि पुरतं पिकलेल्या खतात ते सापडेनासं झालं. शिवाय मुळं मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार ओढतात. असले अवजड रेणू दोडक्याच्या वेलावर सहजासहजी चढत नाहीत.

इतकं लांब जायचीही गरज नाही. बांधावर लावतात ती गिरिपुष्पाची झाडं तुम्ही पाहिली असतील, फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडलेली. तिचं दुसरं मराठी नाव उंदीरमारी. नावातच सगळं आलं. तिच्या बिया आणि साल उंदरांना मारायला वापरत. आणि हिरवळीच्या खतासाठी कुठल्याही कृषी महाविद्यालयात विचारा, तिचं नाव घेतीलच. रुईचा पालाही शेतकरी चिखलात तुडवत आलेत. तुमच्याच परसातलं टोमॅटोचं झाड घ्या. त्याच्या पानांतही विषारी अल्कलॉइडं असतात, म्हणून कुणी टोमॅटोच्या पाल्याची भाजी करत नाही, पण हंगाम संपला की वेल बिनदिक्कत खड्ड्यात टाकतो. अळूचं तेच. घशाला खाजतं म्हणून चिंच घालून खातोच की.

आणखी एक. यजमान गुलाबाला ‘सेंद्रिय पेंड’ घालतात असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. ती बहुधा एरंडी पेंड असेल. एरंडाच्या बीत रायसिन नावाचं जबरदस्त विष असतं. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं. पेंड नीट तापवलेली नसेल तर त्यात ते शिल्लक असतं. मातीत गेल्यावर तेही कुजतं, गुलाबाला काही होत नाही. पण कुत्र्यांना त्या पेंडीचा वास आवडतो आणि ती चाटून कुत्री मेल्याची उदाहरणं आहेत. कण्हेरीला घाबरणाऱ्या घरात पेंडीची पिशवी बहुतेक वेळा जिन्याखाली तोंड उघडं टाकून ठेवलेली असते. तुमच्याकडं कशी आहे ते पाहून घ्या. वर उचला, डबाबंद करा, आणि घातल्यावर मातीनं झाका.

म्हणजे यजमान बरोबर आणि सूनबाई चूक? तसं मी म्हणणार नाही. ‘मेलो का’ हे काही शास्त्र नव्हे. तुमचा खड्डा चाळीस वर्षं नीट कुजत आला म्हणून निभावलं. अर्धवट कुजलेला पाला मेथीच्या वाफ्यात पसरला, त्यातला पानाचा तुकडा जुडीबरोबर उपटला गेला आणि घाईत निवडला, तर काय? धोका मुळांतून चढणाऱ्या विषाचा नाही, असा तुकडा ताटात येण्याचा आहे. म्हणून कण्हेरीचा ताजा पाला भाजीच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून कधीही घालू नका. कुजू द्या, पूर्ण कुजू द्या.

पूर्ण म्हणजे किती, याची खूण सांगते. कण्हेरीचं पान चामड्यासारखं जाड असतं, वर मेणाचा थर. आंब्याचं पान विरघळून जातं तरी हे तसंच पडून राहतं. दोन महिन्यांनी ढीग उकरलात तर पातं काळं पडून गळत असतं, मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक आडव्या शिरा मात्र फणीसारख्या हाताला लागतात. ती फणी सापडतेय तोवर खत कच्चं. चिमटीत धरल्यावर ती मोडून माती झाली, आणि मुठीत घेतलेल्या खताला वळवाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास आला, की झालं. दिवाळीनंतर छाटलेला पाला नीट रचला तर मृगापर्यंत त्या अवस्थेला येतो. सात महिने होतात. शंका वाटली तर ती खेप फुलझाडांना आणि कढीपत्त्याला घाला, भाजीला पुढच्या वर्षी.

रचायचं कसं? खड्ड्यापेक्षा जमिनीवरचा ढीग मला आवडतो, आपल्याकडच्या पावसात खड्ड्याचं डबकं होतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. याहून लहान ढीग तापत नाही, आणि तापला नाही तर कण्हेर रेंगाळते. पानं आणि कोवळ्या फांद्या बोटभर तुकड्यांत कापा. कटर यंत्रात घालू नका, बारीक भुगा नाका-डोळ्यांत उडतो. कोरड्या मालाची आपल्याकडं काय कमी? उसाचं पाचट आणा, रसवंतीवाल्याकडून चिपाडं मागून आणा, तो सुटल्यासारखं देईल. चिपाडं मात्र ठेचून घ्या. एक थर हे, एक थर पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर शेणकाल्याचा हात. शेणकाल्यात गुळाचा खडा विरघळवा. गूळ परगावी पाठवायचाच असतो असं नाही, जिवाणूंनाही आवडतो. एकूण ढिगात कण्हेर-बिट्टी पाचव्या हिश्श्याहून जास्त नको, हा माझा हाताचा अंदाज आहे, नियम नव्हे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. चौथ्या-पाचव्या दिवशी मध्यभागी लोखंडी सळई खुपसा, दहा मिनिटांनी ओढून हात लावा. चटका बसला तर ढीग साठ अंशांच्या आसपास आहे आणि आत काम जोरात चालू आहे. कोमट लागली तर शेण कमी पडलं किंवा पाणी जास्त झालं. दर पंधरवड्याला वरचं आत, आतलं वर करा. आणि ढिगाभोवती जाळी लावा. बाहेरची शेळी आत यायची नाही आणि नातवाचा हातही पोचायचा नाही.

छाटताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. रुई आणि बिट्टी तोडली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. नंतर हात, कात्री, दोन्ही साबणानं. राहिलेल्या जाड फांद्या चुलीत, बंबात किंवा थंडीच्या शेकोटीत घालू नका, कण्हेरीचा धूरही त्रासदायक असतो. त्यांचा ओंडका कुंपणाच्या कडेला मातीत दाबून टाका, दोन-तीन वर्षांत बुरशी त्याचं बघून घेईल.

आता धोत्रा. इथं मला स्वतःची फजिती सांगावी लागणार. काही वर्षांपूर्वी मी काटेरी फळांसकट धोत्र्याचं एक दणकट झाड मुळापासून उपटून ढिगावर फेकलं आणि विसरले. ढीग कडेला तापलाच नव्हता. पुढच्या पावसाळ्यात ते खत मी मेथी-चवळईच्या वाफ्यात पसरलं आणि पंधरा दिवसांनी भाजीबरोबर धोत्र्याची रोपं खांद्याला खांदा लावून उभी! कोवळेपणी ती पालेभाजीत चटकन मिसळून जातात. माझ्या कामवाल्या मावशींनी पानाचा वास घेऊन ‘बाई, हे काय वेगळंच वाटतंय’ म्हणून टोकलं नसतं तर भाजी शिजली असती. पाल्याचं विष कुजतं, पण बी कुजत नाही. धोत्र्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून धोत्रा फळ धरायच्या आधी उपटा आणि खुशाल ढिगात घाला. फळं आली असतील तर ती वेगळी काढून, पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. काँग्रेस गवताचं, म्हणजे गाजरगवताचंही तेच: फुलायच्या आधी खत, फुलल्यावर नको. त्याला हातमोज्यांशिवाय हात लावू नका, कातडीवर पुरळ उठतं.

श्रावणात महादेवाला वाहिलेली धोत्र्याची फुलं, शनिवारी मारुतीला घातलेली रुईची माळ, गणपतीच्या एकवीस पत्रींतली कण्हेर, हे सगळं निर्माल्यच. पंचगंगेत टाकण्यापेक्षा ते ढिगात गेलेलं कधीही बरं. निर्माल्याचं खत करणाऱ्यांच्या ढिगात ही तिन्ही विषं वर्षानुवर्षं पडत आलीत. दोरे आणि प्लास्टिकची जर तेवढी काढून घ्या. तीर्थात आणि नैवेद्याच्या ताटावर मात्र कण्हेरीची पाकळी नको, ती देवाच्या पायाशी राहू दे.

झाडं तोडायचं म्हणाल, तर माझा कौल असा: बिट्टी काढा, कण्हेर ठेवा. बिट्टीची हिरवी फळं खाली गळतात, मुलाच्या मुठीत बरोबर मावतात. आपण लहानपणी त्या बियांशी खेळलो म्हणून आपल्याला ती खेळणी वाटतात. आतला गर फार विषारी आहे. आणि ती फाटकापाशीच आहे, जिथं नातू सकाळी उभा राहतो. फळं आणि आठळ्या ढिगात नकोत, त्या वर्षातही कुजत नाहीत. कण्हेर कुंपणाला आहे, फळं तोंडात जावीत अशी तिला धरत नाहीत. खालच्या फांद्या नातवाच्या हाताच्या वर जातील अशा छाटा. कण्हेरीची डहाळी घरात पेल्यात लावून ठेवत असाल तर तेही बंद करा, ते पाणीसुद्धा पिण्यासारखं नसतं. देव न करो, पण कधी पान किंवा बी तोंडात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. डहाळी सोबत घ्या आणि सरळ सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, गाठा.

सूनबाईंशी मात्र माझं हे उत्तर पुढं करून वाद घालू नका. तिनं मजकूर वाचून मुलाचं ताट सरकवलं, यात तुमच्या हातच्या भाजीचा अपमान नव्हता. तिला नवा ढीग रचताना बोलवा. सळईचा चटका तिला बघू दे, फणी मोडतेय का ते तिनंच तपासावं, आणि कुठली खेप भाजीला जाईल हे तिनं ठरवावं. यजमानांनाही एक काम द्या: टोमॅटोची पानं वळलेली, पिळवटलेली दिसली तर कण्हेरीवर खापर फोडण्याआधी पाचट कुठल्या रानातून आणलं आणि तिथं तणनाशक कधी मारलं होतं, ते विचारून यायचं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. बाल्कनीतल्या माठात किंवा बादलीत खत तापत नाही, तिथं कण्हेर-बिट्टी घालू नका. कुंडीतल्या डायफेनबेकिया या शोभेच्या झाडाची चार पिकली पानं चालतील. गांडुळांच्या टाकीत चिकाळ पाला ताजा घातला तर ती कडेला पळतात, तो आधी महिनाभर वेगळा कुजवून मग द्या.

छाटणीचा दिवस ठरला की कात्री लावण्याआधी कण्हेरीची पानं एकदा उलटी करून बघा. हबशी नावाचं तपकिरी फुलपाखरू अंडी घालतं त्यांवर, त्याच्या अळ्या हेच विष खाऊन वाढतात. पानाखाली चांदीच्या घुंगरासारखा चकचकीत कोष लटकत असेल तर तेवढी फांदी आठ-दहा दिवस राहू द्या, आणि नातवाला कडेवर घेऊन लांबूनच दाखवा.